चौथं मॉडेल

सासूबाईंनी हनुवटी यंत्राच्या खाचेत टेकवली, कपाळ पुढच्या पट्टीला लावलं आणि निळा प्रकाश डोळ्यात शिरायच्या आधीच डॉक्टरांना सांगून टाकलं, की मागच्या वेळी ही खुर्ची इतकी करकरत नव्हती.

डॉक्टर हसल्या. त्यांना सवय होती. त्यांनी उजव्या डोळ्याचा दाब मोजला, आकडा बघितला आणि पुन्हा मोजला. मग डावा. मग परत उजवा. सून भिंतीलगतच्या स्टुलावर दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. कागदांच्या नोकरीत जन्म घालवल्यावर माणसाला एवढं तरी कळतं, की कुणी एकच गोष्ट दुसऱ्यांदा मोजायला लागलं, म्हणजे पहिल्यांदा आलेलं उत्तर त्याला पसंत पडलेलं नसतं.

"थेंब रोज घालताय ना, आजी?"

"रोज. सकाळी आणि झोपताना. एक वेळ घड्याळ चुकेल, मी नाही चुकायची."

"कोण घालतं?"

या प्रश्नाची सून वाटच बघत होती. ती स्टुलावर पुढे सरकली आणि तिने सांगितलं, की आता कुणी घालावं लागत नाही, त्यांच्या त्या घालतात. आमच्याच कंपनीचं साधन आहे, अजून बाजारात यायचंय. ज्यांचे हात थरथरतात त्यांना दुसऱ्याची मदत न घेता थेंब घालता यावा म्हणून केलंय. घरात कितीतरी महिने रोज वापरात आहे, एक तक्रार नाही. बोलता बोलता तिच्या आवाजात पोटच्या पोराचे मार्क सांगणाऱ्या आईचा सूर आला, तो तिचा तिलाच ऐकू गेला आणि ती थांबली.

"घालून दाखवा बरं," डॉक्टर म्हणाल्या.

साधन मुठीत मावेल एवढं होतं. एका टोकाला डोळ्याभोवती बसणारी मऊ वाटी, तिच्यामागे औषधाची बाटली अडकवायची जागा आणि कडेला बोटाने दाबायचा खटका. सासूबाईंनी पर्समधून ते काढलं, पण त्याआधी रुमाल काढला. रुमालाची घडी डाव्या हाताने गालाशी धरली. मग उजव्या हाताने वाटी डोळ्याला लावली, मान मागे टाकली आणि खटका दाबला. थेंब वाटीच्या कडेखालून निसटून गालावर आला. रुमालाने त्याला हनुवटीपर्यंत पोचूच दिलं नाही. सगळं इतकं सफाईने झालं, की एखाद्याला वाटावं, औषध घालायची रीतच ही.

"गेला," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बोटाने त्यांची पापणी खाली ओढून बघितलं.

"नाही गेला, आजी."

पुढचं सगळं डॉक्टर सुनेकडे बघून बोलल्या. दाब बराच वाढलाय. मघाशी दिव्यांच्या तपासणीत उजव्या डोळ्याला कडेचे दिवे दिसले नाहीत, मागच्या वेळी दिसले होते. काचबिंदू पुढच्या दाराने येत नाही, कडेकडेने नजर पोखरत येतो, आणि एकदा गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते राखायचं. औषध बदलायचा विचार नंतर करू, आधी आहे ते डोळ्यात पडू दे. तोवर साधी बाटली आणि दुसऱ्या कुणाचा तरी हात.

सून मान हलवत होती, पण तिच्या डोळ्यांसमोर रुमालच होता. थेंब सुटायच्या आधी तो गालाशी येऊन थांबला होता. ज्याच्या हातून पहिल्यांदा सांडतं त्याचा हात पुसायला मागाहून जातो. आधी जातो तो रोज सांडणाऱ्याचा.

बसमध्ये सासूबाईंना खिडकी मिळाली. घर येईपर्यंत त्यांनी ड्रायव्हरच्या ब्रेकला नावं ठेवली, दवाखान्याच्या पडद्यांचा रंग कुणी निवडला असेल याचा अंदाज बांधला, समोर बसलेल्या बाईने एवढ्या उकाड्यात स्वेटर का घातलाय याची चौकशी सुनेकडे केली. डोळ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सुनेनेही विषय काढला नाही. दोघी एका घरात इतकी वर्षं राहिल्या होत्या, की कुठला विषय कुठल्या स्टॉपवर उतरून जातो ते त्यांना कळायचं. हा उतरला नव्हता. दोघींच्या मध्ये पिशवीसारखा बसून होता.

सुनेला कंपनीत सगळे शिक्काकाकू म्हणायचे. माणसाच्या अंगाला लागणारी वस्तू बनवायची तर ती नुसती चांगली असून भागत नाही. ती चांगली का आहे, हे कागदावर पायरीपायरीने दिसावं लागतं. आधी गरज लिहायची, कुणाची आणि काय. गरजेवरून नकाशा, नकाशावरून वस्तू, वस्तूची तपासणी, आणि प्रत्येक तपासणीचं बोट धरून परत त्या पहिल्या गरजेपर्यंत चालत जाता आलं पाहिजे. मध्ये कुठे पायरी गळली असेल, तर बाहेरून येणारा तपासनीस नेमका तिथेच पाय ठेवतो. ही सगळी फाइल शिक्काकाकूच्या ताब्यात होती. ती लागली होती टायपिंगला. नियमांचं जाडजूड पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून ती एकटीच वाचत बसायची, तेव्हा लोक हसले होते. पुढे त्यांना अडलं की ते तिलाच विचारायला लागले. हसणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

शिक्का होता लाल रंगाचा, 'रद्द' असा. नकाशा बदलला की नवी प्रत वाटणं सोपं असतं, खरं काम जुनी परत घेण्याचं. माणसं जुने कागद सोडत नाहीत. कुणी ड्रॉवरच्या तळाशी अंथरतो, कुणी डब्याखाली घेतो, कुणी पाठीमागे फोन नंबर लिहून ठेवलेला असतो. शिक्काकाकू टेबलाटेबलाशी जाऊन उभी राहायची आणि प्रत हातात पडेपर्यंत हलायची नाही. तिचं म्हणणं साधं होतं. जुनी प्रत म्हणजे जुनं दुखणं, कधी कुठून डोकं वर काढेल सांगता येत नाही.

सासूबाई या फाइलमध्ये शिरल्या त्या त्यांच्या कीर्तीमुळे. जेवणाच्या सुट्टीत शिक्काकाकूने सांगितलेले त्यांचे किस्से कंपनीत तोंडपाठ होते. चहा, चादरीची घडी, शेजाऱ्यांची बेल, डाव्या नळाचं पाणी आणि उजव्या नळाचं पाणी, कशालाच त्यांनी आजवर पूर्ण मार्क दिलेले नव्हते. तरुण इंजिनियर, ज्याच्या डोक्यातून हे साधन निघालं होतं, एकदा म्हणाला, "काकू, पहिलं मॉडेल तुमच्या घरी न्या. तुमच्या सासूबाईंनी पास केलं तर जगात कुणी नापास करणार नाही."

पहिल्या मॉडेलबद्दल सासूबाई म्हणाल्या, की ही वाटी आहे का नखं काढायचं हत्यार. कड मऊ झाली. दुसऱ्याचा खटका दाबायला दोन्ही अंगठे लागले, तेव्हा त्यांनी दरवाजाची कडी कुणी काढून आणली ते विचारलं. खटका हलका झाला. तिसरं त्यांना बरं वाटलं, पण मान मागे टाकून टाकून दुखायला लागली. "एका थेंबासाठी आभाळाकडे चोच करून बसायला मी काय चातक आहे?" त्यांचं वाक्य शिक्काकाकूने जरा सभ्य करून गरजांच्या यादीत घातलं, मान मागे न टाकता थेंब घालता यावा. इंजिनियर त्याच्या मागे लागला. सुट्ट्या घेतल्या नाहीत, जेवणं चुकवली, आणि शेवटी नळीचं तोंड असं वळवलं, की मान सरळ ठेवून समोर बघत खटका दाबला तर थेंब बरोबर खालच्या पापणीत उतरावा.

चौथ्या मॉडेलबद्दल सासूबाई म्हणाल्या, "ठीक आहे."

कंपनीत त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना चहा पाजला. शिक्काकाकूच्या चहाला लग्नापासून आजपर्यंत हे दोन शब्द मिळालेले नव्हते. शंका यायची तर तिथेच यायला हवी होती. पण आपल्या वस्तूची कुणी तारीफ केली, तर ती कोण तपासून घेतं?

मग खरी परीक्षा झाली, अनोळखी माणसांवर. नियमच तसा आहे. ज्यांनी वस्तू आधी हाताळली, ज्यांचा कंपनीशी संबंध आहे, ते चालत नाहीत. म्हणून सासूबाई बाद. "परीक्षेला न बसवताच पहिला नंबर काढलात का माझा?" असं त्यांनी विचारलं होतं. अनोळखी म्हातारे-म्हाताऱ्या आल्या, त्यांना चित्रांचा कागद वाचायला दिला, त्यांनी थेंब घातले, सगळे पास झाले. आता शेवटची आढावा बैठक तेवढी राहिली होती. एक मोठा खरेदीदार त्या बैठकीच्या निकालावर डोळा ठेवून होता, आणि तो गेला तर कंपनी किती दिवस तग धरेल याचा हिशोब सगळे आपापल्या मनात करत होते.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी शिक्काकाकूने इंजिनियरला सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि हातातलं पेन उघडत-मिटत होता.

"आजींचं वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण काकू, त्या परीक्षेत नाहीत. धरताच येत नाहीत. तिसरं मॉडेल त्यांनी वापरलं, त्याची सवय लागली, म्हणून मान मागे जाते आणि थेंब बाहेर पडतो. बाजारात कुणी तिसरं बघितलेलंच नाही."

"नियम मला सांगतोस? मीच वाचून दाखवला होता तुला."

"मग झालं तर. नवीन माणसं सगळी पास झाली."

"झाली. समोर कागद होता, शेजारी तू उभा होतास, आणि अर्ध्या तासात घरी गेली ती."

तो वैतागला. टेबलावरचं एक साधन त्याने उचललं, जणू तेच साक्ष देणार होतं. यात न समजण्यासारखं आहे काय, असं म्हणत खुर्चीत रेलला, वाटी डोळ्याला लावली आणि मान मागे टाकली.

मग तो तसाच राहिला. छताकडे तोंड, वाटी डोळ्यावर, बोट खटक्यावर. शेजारच्या खोलीत कुणीतरी प्रिंटरला शिव्या घालत होतं.

"काकू," छताकडे बघतच तो म्हणाला, "मी काय केलं ते बघितलंत?"

"बघितलं."

"मी काढलंय हे. माझ्या हाताने."

ती त्याच्यासमोर बसली. थेंब घालायचा म्हटलं की मान मागे जाते. लहानपणी आईने डोकं मांडीवर घेऊन औषध घातलेलं असतं, तेव्हापासून. तिसऱ्या मॉडेलचा त्यात काही दोष नव्हता. जगातल्या प्रत्येक मानेत ती जुनी प्रत होती, आणि ती परत मागायला कुठल्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं, हे शिक्काकाकूला उमगेना. अनोळखी माणसांनी कागद वाचला म्हणून तेवढ्यापुरती मान सरळ ठेवली. घरी, सवयीने, अर्ध्या झोपेत हे साधन वापरून बघणारी सबंध जगात एकच बाई होती. आणि ती बाद होती.

मालकांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. कंपनीतल्या प्रत्येकाच्या घरी कोण शिकतंय आणि कोण आजारी आहे ते त्यांना माहीत असायचं, आणि आत्ता तेच त्यांच्या कपाळावर दिसत होतं. त्यांचं म्हणणं, बैठक होऊन जाऊ दे. पहिली खेप जाऊ दे. दुरुस्ती पुढच्या खेपेत करता येईल, कागदावर रीतसर बदल दाखवून. नियमाने आजींची नोंद घ्यायचं बंधन नाही, मग आपण होऊन गळ्यात धोंड का बांधून घ्यायची? पण फाइलच्या शेवटच्या पानावर 'सर्व नोंदी पूर्ण' अशी सही शिक्काकाकूची लागायची, आणि ती सही दुसरं कुणी करू शकत नव्हतं. तेव्हा शेवटी ते एवढंच म्हणाले, की तुम्ही घरी विचार करा. आणि सासूबाईंनाही एकदा विचारा, त्यांना हे सगळं चव्हाट्यावर आलेलं चालेल का.

संध्याकाळी सासूबाई गॅलरीत वाळलेले कपडे घड्या घालत बसल्या होत्या. सुनेने घातलेल्या घड्या त्या नेहमी मोडून परत घालायच्या, म्हणून हल्ली ती घालतच नसे. नवऱ्याची नोकरी परगावी होती. घरात काही बिनसलं की तो फोनवर हिला म्हणायचा आईला विचार, आणि आईला म्हणायचा तिला विचार. त्यामुळे विचारायचं काय ते दोघींनी एकमेकींनाच विचारावं लागे.

ती समोर वेताच्या मोड्यावर बसली.

"आई, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"थेंब बाहेर पडतोय ते."

सासूबाईंनी उशीच्या अभ्र्याचे कोपरे जुळवले. एक जुळेना, म्हणून परत झटकला.

"सुरुवातीला जात होता नीट. मान सरळ, समोर भिंतीवर नजर, सगळं तुम्ही सांगितलं तसं. मग सवयीचं झालं आणि लक्ष राहिना. घातल्यावर कळायचं, की मान गेली मागे."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? यंत्र बरोबर आहे. मान माझी चुकते. तुमच्या कागदावर चित्र काढून लिहिलंय, मान सरळ ठेवा. आता कंपनीत जाऊन सांगू, की म्हातारीला मान सरळ ठेवायची अक्कल नाही?"

"चहात साखर कमी पडली तर चार घरांना ऐकू जाईल असं सांगता तुम्ही."

"ती चूक तुझी असते," सासूबाई म्हणाल्या. "ही माझी होती."

सासूबाईंनी अभ्रा मांडीवर ठेवला आणि त्यावरून हात फिरवत राहिल्या. हात नेहमीसारखा थरथरत होता.

"आणि माझ्याच मानेपायी केलंत ना ते सगळं उलटंपालटं? त्या पोराने जेवणं सोडली म्हणालीस. वर तू फोनवर सांगत होतीस, या खेपेला नाही जमलं तर सगळे घरी बसणार. आता तू घरी बसलीस, की दिवसभर माझ्याशी भांडशील. त्यापेक्षा म्हटलं, दोन थेंब गेले तर गेले."

"दोन नाही गेले, आई. उजव्या डोळ्याची कड गेली."

"हो, ते कळलं काल. मी काय बहिरी आहे?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी ओरडून त्याला चुकीची दिशा सांगत होतं. दोघींनी थोडा वेळ ते ऐकलं.

"आमच्या फाइलमध्ये," सून म्हणाली, "वापरणाऱ्याची चूक असा रकानाच नाही."

"नाही कसा? चूक कुणाची ते लिहायला नको?"

"माणूस चुकला, तर वस्तूने त्याला चुकू दिलं, असं धरायचं. मग वस्तू बदलायची. माणसाला बोल लावायचा नाही."

सासूबाईंनी हा नियम मनात दोनदा घोळवून बघितला असावा. मग त्या हसल्या, आवाज न करता, नुसते खांदे हलले.

"असा नियम आमच्या वेळी घरात असता तर बरं झालं असतं ग."

"माझ्या वेळीसुद्धा नव्हता," सून म्हणाली.

हे तोंडून निघून गेल्यावर तिला वाटलं, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. सासूबाईंनी अभ्र्याची घडी घातली, गठ्ठ्यावर ठेवली. मग बाजूचा टॉवेल उचलून सुनेच्या मांडीवर ठेवला.

"घाल घडी. कशी घालायची तशी."

तिने घातली. ती मोडली गेली नाही.

उठताना सासूबाईंनी बजावलं, की काय लिहायचं ते लिही, पण माझं नाव घालू नकोस. सुनेने सांगितलं, की नाव कुणाचंच घालत नाहीत, नुसतं वय आणि हाताची स्थिती लिहितात. मग कुणाला कळायचं नाही, असं सासूबाई समाधानाने म्हणाल्या.

"सगळ्यांना कळेल, आई. तुमच्याइतकं प्रसिद्ध तिथे कुणी नाही."

आढावा बैठकीत शिक्काकाकूने ते पान सगळ्यांसमोर ठेवलं. घरगुती वापरात दिसलेला दोष, म्हणून. त्यात रुमालाचं होतं, मानेचं होतं, डोळ्याचा दाब होता, आणि वापरणाऱ्या व्यक्तीने तक्रार का केली नाही याबद्दल एक वाक्य होतं. ते वाक्य तिने बरंच खोडून, बरंच परत लिहून शेवटी साधं केलं होतं. व्यक्तीला चूक स्वतःची वाटली. मालकांनी पान वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. शेवटच्या पानावर सही होणार आहे का, असं त्यांनी एकदाच विचारलं. ती नाही म्हणाली. ज्याच्या त्याच्या घरी कोण आहे, ते तिलाही माहीत होतं.

इंजिनियरने ते पान स्वतःकडे ओढलं आणि खाली सही केली, दोष मान्य म्हणून. बैठक पुढे ढकलली गेली. खरेदीदाराला कळवायचं ठरलं, कसं कळवायचं यावर मात्र कुणाचं एकमत होईना. उठता उठता मालक म्हणाले, "बघा म्हणजे झालं," आणि ते कुणाला उद्देशून होतं, हे कुणी विचारलं नाही.

जिन्यात इंजिनियरने तिला गाठलं.

"काकू, मी येऊ घरी? आजींना शिकवायला नाही. नुसता बसून बघेन, त्या कशा घालतात ते."

"ये. पण चहा मिळेल आणि बोलणी मिळतील."

"चालतील."

घरी पोचली तेव्हा सासूबाई खुर्चीत बसून होत्या. टीव्ही चालू होता, आवाज बंद. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने पर्स ठेवली, हात धुतले, साधी बाटली घेतली आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. साधन घरात आलं त्याआधी हे काम तिचंच होतं. पण तेव्हा ती ते ऑफिसच्या गडबडीत, एक पाय चपलेत घालून उरकायची. सासूबाईंच्या कपाळावर बारीक तीळ आहेत, हे तिने आता पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं.

"नापास?" सासूबाईंनी मान मागे टाकत विचारलं.

"नापास."

"मग आता?"

"आता पाचवं. करू दिलं तर."

तिने त्यांची पापणी बोटाने खाली ओढली आणि बाटली वर धरली. दिवसभर टेबलाखाली घट्ट आवळून धरलेला हात आता तिचं ऐकत नव्हता. बाटलीचं टोक हललं, थेंब सुटला आणि पापणीला चाटून बाहेर पडला.

बाटली तशीच धरून ती थांबली. थेंब गालाच्या हाडावर क्षणभर रेंगाळला आणि कानाकडे निघाला. सासूबाईंनी डोळा मिटून घेतला होता. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. ते हलले नाहीत. थेंब कानाच्या पाळीपर्यंत पोचला, तरी त्या गप्पच होत्या.

मग त्यांनी डोळा उघडला.

"सगळा कानात गेला," त्या म्हणाल्या. "नीट घाल."